ऑफिसच्या नेटवर्कवर इन्क्रिमेंटल बॅकअप: बदल ओळखला कसा जातो, साखळी तुटते कुठे आणि मांडणी कशी करायची

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या मध्यम वर्कशॉपचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. आठ कॉम्प्युटर. एकावर टॅली, दोनांवर ड्रॉइंग, एकावर कोटेशनं आणि टेंडरची कागदपत्रं, बाकीच्यांवर एक्सेल आणि मेल. सगळा डेटा मिळून समजा २०० जीबी. त्यातला दिवसभरात खरोखर बदलतो तो दोन-तीन जीबी, बाकीचा काल होता तसाच आज असतो. रोज संध्याकाळी सगळे २०० जीबी ओढत बसायचं की बदललेले ३ जीबीच घ्यायचे, असा हा साधा हिशेब आहे, आणि इन्क्रिमेंटल बॅकअप दुसरा रस्ता धरतो.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण सॉफ्टवेअरला "हे बदललं" हे कळतं कशावरून, हे फार थोडे लोक विचारतात. बॅकअप रोज हिरवा दिसतो आणि वेळ आली की नेमकी हवी ती फाईल त्यात नसते, याचं कारण बहुतेक वेळा याच प्रश्नात दडलेलं असतं. म्हणून आधी ते, मग मांडणी.

फुल, डिफरन्शियल, इन्क्रिमेंटल

फुल बॅकअप म्हणजे सगळं. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर (मग तो कुठलाही असो) जे बदललं तेवढंच. डिफरन्शियल म्हणजे मागच्या फुलनंतर जे जे बदललं ते सगळं.

रविवारी २०० जीबीचा फुल घेतला आणि रोज ३ जीबी वेगवेगळ्या फायली बदलत गेल्या असं धरा. सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल घेतला तर सहा दिवसांचे १८, म्हणजे आठवड्याला २१८ जीबी. डिफरन्शियल घेतला तर सोमवारी ३, मंगळवारी ६, असं वाढत शनिवारी १८. त्यांची बेरीज ६३, एकूण २६३ जीबी.

जागा वाचते, पण तिची किंमत परत आणताना मोजावी लागते. शुक्रवारची स्थिती हवी असेल तर डिफरन्शियलमध्ये रविवारचा फुल आणि शुक्रवारचा एक संच पुरतो. इन्क्रिमेंटलमध्ये रविवारचा फुल आणि सोमवार ते शुक्रवारचे पाचही संच लागतात, तेही क्रमाने. रोकडवहीसारखंच आहे हे: सुरुवातीची शिल्लक आणि रोजच्या नोंदी असल्या तर आजची शिल्लक निघते, पण बुधवारचं पान फाटलं तर गुरुवारपासून पुढचं काहीच जुळत नाही. बुधवारचा संच खराब निघाला तर शेवटची भरवशाची स्थिती मंगळवारची.

बदललं हे ठरतं कशावरून

*आर्काइव्ह बिट.* विंडोजमध्ये प्रत्येक फाईलला ही एक खूण असते. फाईल नवी झाली किंवा तिच्यात लिहिलं गेलं की खूण चढते. फुल आणि इन्क्रिमेंटल बॅकअप फाईल घेतल्यावर ती उतरवतात, डिफरन्शियल उतरवत नाही. पद्धत डॉसच्या काळातली आणि सोपी आहे, पण खूण एकच आहे. एकाच फोल्डरवर दोन बॅकअप प्रोग्राम चालत असतील, म्हणजे एक तुम्ही लावलेला आणि एक अकाउंटिंगवाल्याने त्याच्या सोयीसाठी लावून दिलेला, तर पहिला खूण उतरवतो आणि दुसऱ्याला काही बदललेलंच दिसत नाही. दोघेही "यशस्वी" म्हणतात. दोघांकडेही अर्धवट साखळी असते. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडचा एम हा पर्यायही हीच खूण वाचतो आणि उतरवतो, तेव्हा कुणाच्या बॅच फाईलमध्ये तो आहे का ते आधी बघून घ्या.

*तारीख आणि आकार.* बहुतेक साधनं आता फाईलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ बघतात. यातही दोन जाती आहेत. एक जात म्हणते, "मागच्या बॅकअपच्या वेळेनंतरची तारीख असलेल्या फायली घे." दुसरी मागच्या वेळची यादी किंवा प्रत जपून ठेवते आणि आजची फाईल तिच्याशी ताडून बघते. आकार किंवा वेळ यांपैकी काहीही वेगळं दिसलं की घेते. लिनक्सवरचा आरसिंक हा कॉपीचा प्रोग्राम नेहमीच्या चालीत दुसऱ्या जातीचा आहे. शक्यतो दुसऱ्या जातीचंच साधन वापरा. कारण असं: गिऱ्हाईकाने पाठवलेली झिप तुम्ही आज उघडली. आतल्या ड्रॉइंगवर तारीख मागच्या वर्षीची. फाईल तुमच्याकडे आजच आली, पण तारीख जुनी, म्हणून पहिल्या जातीचा प्रोग्राम तिला हातच लावत नाही.

घड्याळ हा त्यातलाच दुसरा गोंधळ. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की कॉम्प्युटर सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. इंटरनेट मिळाल्यावर विंडोज ती दुरुस्त करतं, पण मधल्या वेळात जतन केलेल्या फायलींवर जुनी तारीख बसते ती बसतेच. जुन्या मशीनचा सेल बदलायला शंभर रुपयेही लागत नाहीत. बॅकअप लावायच्या आधी हे काम उरकून घ्या.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क फॅट ३२ची (डिस्कवर फायली मांडायची जुनी पद्धत) असेल तर ती वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवते. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची आताची पद्धत, त्याहून कितीतरी बारीक. त्यामुळे काही न बदलताही वेळ जुळत नाही आणि रोज सगळंच पुन्हा कॉपी होतं. शिवाय फॅट ३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. बॅकअपची डिस्क एनटीएफएसच असू द्या, लिनक्सवर ईएक्सटी ४ किंवा बीटीआरएफएस.

आणि एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हेराक्रिप्टने केलेल्या कुलूपबंद फाईलमध्ये तुम्ही दिवसभर काम केलं तरी मुळच्या सेटिंगमध्ये तो प्रोग्राम त्या फाईलची बदलाची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतो. आकार तर कधीच बदलत नाही. म्हणजे तारीख आणि आकार बघणाऱ्या बॅकअपच्या दृष्टीने ती फाईल पहिल्या दिवसानंतर कधी बदललीच नाही. त्याच्या पसंतीच्या सेटिंगमध्ये तारीख जपण्याची खूण काढून टाका.

*बदलांची नोंदवही.* एनटीएफएस स्वतःच प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, तिला चेंज जर्नल म्हणतात. ती वाचणाऱ्या साधनाला लाखो फायली चाळाव्या लागत नाहीत. नोंदवही मात्र ठराविक आकाराची असते, भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. महिनाभर बॅकअपविना बाहेर वापरलेला लॅपटॉप परत आल्यावर जुन्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतील तर चांगलं साधन सगळी डिस्क पुन्हा चाळतं. त्या दिवशी बॅकअपला वेळ लागला तर घाबरू नका.

*ब्लॉक.* वरच्या पद्धतींत फाईल बदलली की अख्खी फाईल जाते. आउटलुकची मेल साठवणारी १२ जीबीची पीएसटी फाईल एक मेल आला तरी बदलते, म्हणजे रोज १२ जीबी. ब्लॉक पातळीवर काम करणारी साधनं फाईलचे किंवा डिस्कचे तुकडे पाडतात आणि बदललेले तुकडेच पाठवतात. आरसिंकचा गाजलेला अल्गोरिदम (अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास, १९९६) हेच काम नेटवर्कवर करतो: दोन्ही टोकांना तुकड्यांच्या बेरजा काढायच्या आणि न जुळणारा भाग तेवढा तारेवरून पाठवायचा. झिप केलेल्या किंवा पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाईलवर याचा उपयोग फार कमी. आत एक आकडा बदलला तरी बाहेरचे बहुतेक तुकडे बदलतात. म्हणून डेटा आधी झिप करून मग बॅकअपला देऊ नका. झिप करायचं काम बॅकअप सॉफ्टवेअरवर सोडा.

पुसलेल्या फायलींचं काय?

साधा इन्क्रिमेंटल बदललेल्या फायली जमा करतो, पुसलेल्यांची नोंद ठेवतोच असं नाही. मग फुल आणि सगळे संच एकावर एक चढवले की आठवड्यात पुसलेल्या सगळ्या फायली जिवंत होऊन परत येतात. ऑफिसात त्याचा त्रास नाही, वर्कशॉपमध्ये आहे. रद्द केलेल्या रिव्हिजनचं ड्रॉइंग फोल्डरमध्ये परत आलं आणि पॅटर्नवाल्याने तेच उचललं, तर अख्खा लॉट भंगारात. साधन निवडताना "पुसलेल्या फायली त्या त्या तारखेला दिसेनाशा होतात का" हा प्रश्न विचारा.

याच्या उलट टोकाला रोबोकॉपीचं मिरर. ते मूळ फोल्डर आणि प्रत तंतोतंत सारखी ठेवतं, म्हणजे इकडे चुकून पुसलं की रात्री तिकडेही पुसलं. हा बॅकअप नव्हे. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्हचं सिंक आणि दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणारा रेड १ यांचीही तीच गत. रेड १ डिस्क मेली तर वाचवतो, माणसाच्या हातून झालेली चूक मात्र दोन्ही डिस्कवर इमानदारीने लिहितो.

नेटवर्क आधी तपासा

गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, १०० मेगाबिटवर ११. म्हणजे पहिला २०० जीबीचा फुल एकीकडे अर्ध्या तासाच्या पुढेमागे, तर दुसरीकडे पाच तास. बारीक फायली लाखभर असतील तर दोन्हीकडे बराच जास्त वेळ धरा, कारण प्रत्येक फाईल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो.

प्रत्येक कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या स्टेटसमध्ये वेग बघा. १ जीबीपीएस दिसायला हवा. १०० एमबीपीएस दिसला तर आधी केबलचा कनेक्टर बघा. जुन्या ऑफिसांत एकाच केबलच्या आठ तारांपैकी चार एका कॉम्प्युटरला आणि चार दुसऱ्याला जोडून काम भागवलेलं असतं. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवी कॅट ६ ओढा, क्रिंपिंग टेस्टरवर आठही दिवे लागतात का ते बघा, आणि कोपऱ्यात पडलेला जुना १०० मेगाबिटचा स्विच काढून गिगाबिटचा आठ पोर्टचा लावा. लॅपटॉपही बॅकअपच्या वेळी केबलवरच असू द्या.

मांडणी

साधन म्हणून इथे यूआरबॅकअप धरलं आहे. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं आणि सर्व्हर स्वतः प्रत्येक कॉम्प्युटरकडे जाऊन डेटा ओढतो. ही ओढण्याची पद्धत महत्त्वाची आहे, तिचं कारण पुढे येतं. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचं नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) असेल तर त्याचं स्वतःचं साधन वापरा किंवा प्रत्येक मशीनवर व्हीमचा फुकट एजंट घाला. पायऱ्या थोड्याफार याच राहतात.

१. आधी यादी करा. प्रत्येक मशीनसमोर बसून "तुम्ही फाईल कुठे सेव्ह करता" ते विचारा आणि डोळ्यांनी बघा. निम्मं ऑफिस डेस्कटॉपवर सेव्ह करतं. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कंपनी निवडण्याच्या पडद्यावर लिहिलेलं असतं, अंदाजाने सी ड्राइव्ह धरू नका. जीएसटीची ऑफलाईन युटिलिटी, टीडीएसचे रिटर्न, टेंडरचे डाऊनलोड अशी गोष्ट हमखास निसटते.

२. एक वेगळा कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवा. जुना आय ३ किंवा आय ५, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि डेटासाठी ४ टीबीची हार्ड डिस्क एवढं पुरतं. डिस्क घेताना ती सीएमआर जातीची आहे का ते विचारा. एसएमआर जातीच्या डिस्क वाचायला बऱ्या, पण सतत लिहिणं-पुसणं आलं की कमालीच्या मंदावतात. डेटाची जागा मूळ डेटाच्या अडीच ते तीन पट धरून चाला. या मशीनवर कुणी बिलं टाकणार नाही, कुणी मेल उघडणार नाही.

३. राउटरमध्ये या मशीनचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. पत्ता बदलत राहिला तर महिन्याभराने "बॅकअप पान उघडत नाही" म्हणून फोन येतो.

४. सर्व्हर घातल्यावर त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये ५५४१४ पोर्टवर त्याचं पान उघडतं. पहिल्याच झटक्याला ॲडमिनचा पासवर्ड लावा. मुळात तो नसतो, आणि पासवर्डशिवायचं हे पान नेटवर्कवरच्या कुणालाही उघडतं. मग साठवणीची जागा म्हणून मोठी डिस्क दाखवा.

५. प्रत्येक कॉम्प्युटरवर क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा यूआरबॅकअपचा प्रोग्राम, घाला. एकाच नेटवर्कमध्ये असेल तर सर्व्हरला तो आपोआप दिसतो. दिसला नाही तर विंडोजने ते नेटवर्क "पब्लिक" धरलेलं आहे का बघा, ते "प्रायव्हेट" करा. तरीही नाही तर अँटिव्हायरसच्या फायरवॉलमध्ये ३५६२१ ते ३५६२३ हे पोर्ट मोकळे करा.

६. यादीतली फोल्डर एकेका क्लायंटला नेमून द्या. तात्पुरत्या फायली, डाऊनलोडमधले सिनेमे आणि कॅडच्या ऑटोसेव्ह फायली वगळा. मात्र वगळण्याचा नियम फार पसरट लिहू नका. सगळ्या बॅक एक्स्टेंशनच्या फायली वगळायच्या म्हणून कुणी नियम घातला आणि एखाद्या सॉफ्टवेअरचा खरा डेटाच त्या नावाने असला तर तो कायमचा सुटेल.

७. वेळ ठरवा, आणि ती माणसं बघून ठरवा. "रात्री दोन वाजता" हे मोठ्या कंपनीला ठीक आहे. आपल्याकडे सात वाजता शटर ओढताना सगळे मेन स्विच बंद होतात. रात्रीचा बॅकअप लावलेल्या ऑफिसात तो कधी चाललेलाच नसतो. जेवणाची सुट्टी, म्हणजे एक ते तीन, ही सगळ्यात खात्रीची वेळ. यूआरबॅकअपच्या सेटिंगमध्ये ही खिडकी १-६/१३-१५ अशी लिहितात: सोमवार ते शनिवार, दुपारी एक ते तीन. ज्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते त्यांनी २-७/१३-१५ लिहावं. मूळ सेटिंगमध्ये इन्क्रिमेंटल दर ५ तासांनी आणि फुल दर ३० दिवसांनी असतो. हे आकडे राहू दिले तरी चालतात. कॉम्प्युटर वापरात नसताना झोपायची सेटिंग मात्र बंद करा, नाहीतर जेवायला गेलेल्या माणसाबरोबर मशीनही झोपतं.

८. पहिला फुल सुट्टीच्या दिवशी, एकेक मशीन करून चालवा. आठही मशीन एकदम सोडली तर डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं आणि सगळ्यांनाच उशीर होतो.

यूआरबॅकअपच्या फाईल बॅकअपमध्ये प्रत्येक तारखेचं फोल्डर पूर्ण दिसतं. न बदललेल्या फाईलची दुसरी प्रत होत नाही, जुन्या प्रतीलाच हार्ड लिंकने दुसरं नाव दिलं जातं. त्यामुळे संच क्रमाने चढवायची भानगड नाही आणि जुनं फोल्डर उडवलं तरी नवं शाबूत राहतं. आरसिंकचा लिंक-डेस्ट हा पर्याय हेच करतो. यातली खोच एवढीच की तीस तारखांच्या फोल्डरांत दिसणारी फाईल डिस्कवर प्रत्यक्षात एकदाच आहे. तिथला सेक्टर खराब झाला तर तिसाच्या तीस प्रती गेल्या. म्हणून दुसरी डिस्क लागतेच.

उघड्या फायली

नेटवर्कवरून शेअर केलेल्या फोल्डरमधून नुसती कॉपी करत असाल तर उघडलेली, अडवलेली फाईल सुटते. क्लायंट त्याच मशीनवर बसलेला असेल तर तो विंडोजच्या शॅडो कॉपीची मदत घेऊन त्या क्षणाचं चित्र गोठवतो आणि त्यातून फाईल घेतो. क्लायंट घालायचा खटाटोप याचसाठी.

पण गोठवलेलं चित्र म्हणजे त्या क्षणी वीज गेल्यासारखी स्थिती. एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस शॅडो कॉपीशी बोलून आधी स्वतःला सावरून घेतो. साध्या फायलींत डेटा ठेवणारी सॉफ्टवेअर तसं करत नाहीत, आणि नोंद अर्धी लिहिली असताना चित्र निघालं तर परत आणल्यावर डेटा दुरुस्त करायची प्रक्रिया चालवावी लागते. टॅलीसाठी सोपा उपाय: रोज एक वाजता सगळ्यांनी टॅलीतून बाहेर पडायचं, टॅलीचा स्वतःचा बॅकअप एका ठराविक फोल्डरमध्ये घ्यायचा, आणि ते फोल्डरही बॅकअपच्या यादीत ठेवायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

अजूनही रोबोकॉपीच्या बॅच फाईलवर चालणाऱ्यांसाठी एक सूचना. अडलेल्या फाईलसाठी ती मुळात दहा लाख वेळा, दर तीस सेकंदांनी प्रयत्न करते. एक एक्सेल उघडी राहिली की अख्खा बॅकअप तिथेच रात्र काढतो. आर पर्यायाला २ आणि डब्ल्यूला ५ द्या, म्हणजे दोनदा प्रयत्न करून पुढे जाईल.

रॅन्समवेअर आणि ओढण्याची पद्धत

बॅकअपची डिस्क अकाउंटंटच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली असेल तर रॅन्समवेअरलाही (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) ती झेड ड्राइव्ह म्हणूनच दिसते. आधी डेटा जातो, मग बॅकअप. सर्व्हर ओढून घेत असेल तर क्लायंटकडे साठवणीची किल्लीच नसते. हे राखायचं तर साठवणीचं फोल्डर नेटवर्कवर शेअर करू नका, सर्व्हरचा विंडोज पासवर्ड इतर मशीनपेक्षा वेगळा ठेवा, त्यावर दुरून मशीन चालवायचं एनीडेस्कसारखं काही कायमचं चालू ठेवू नका, आणि नॅस असेल तर एसएमबी १ ही फाईल शेअर करायची जुनी पद्धत बंद करा. टॅली दुरुस्तीला येणाऱ्याला सर्व्हरचा पासवर्ड लागत नाही. मागितला तरी देऊ नका.

रोज बघायचं ते आकार

हिरवी खूण बघून पुढे जाऊ नका, आजच्या इन्क्रिमेंटलचा आकार बघा. ड्रॉइंगच्या मशीनला रोज दीड-दोन जीबी होतात आणि आज शून्य दिसले, तर त्या माणसाने काम केलं नाही किंवा तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये सेव्ह करायला लागला आहे. डिझायनर नवा आला की हे घडतंच. उलट अचानक ६० जीबी दिसले तर आधी शांतपणे विचारा की कुणी मोठ्या फोल्डरचं नाव बदललं का. नाव बदललं की साधनाच्या दृष्टीने जुनं फोल्डर गेलं आणि नवं आलं, म्हणून सगळं पुन्हा तारेवरून जातं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आर्थिक वर्षाची फोल्डर हलवली जातात तेव्हा हा फुगवटा ठरलेला. तसं कुणीच काही केलं नसेल आणि फायलींची नावं विचित्र दिसत असतील, तर त्या मशीनची केबल काढा, बॅकअपचं वेळापत्रक थांबवा आणि जुन्या तारखा आपोआप पुसण्याचं काम बंद करा. जागा भरली म्हणून सॉफ्टवेअरने चांगल्या तारखा उडवून बिघडलेल्यांना जागा करून द्यावी, असं होऊ द्यायचं नाही.

किती काळ ठेवायचं

रोजचे १४, आठवड्याचे ५, महिन्याचे १२ एवढं बहुतेक ऑफिसांना पुरतं. ३१ मार्चचा मात्र वेगळा फुल काढून बाजूला ठेवा. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपायची असतात, जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर २०२२पासून आणखी एक बंधन आहे: इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतलेला असला पाहिजे. क्लाउड घेताना डेटा कुठल्या देशात राहतो ते लेखी विचारा.

वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रती साखळीतल्या नकोत, पूर्ण आणि स्वतंत्र हव्यात. आठ वर्षांनी कुणी सात संच जुळवत बसणार नाही.

बाहेरची प्रत आणि पंचगंगा

सर्व्हर तळमजल्यावर आणि बाहेरची प्रतही त्याच कपाटात, ही मांडणी कोल्हापुरात चालत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दसरा चौकाच्या बाजूला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सर्व्हर पहिल्या मजल्यावर, ते जमत नसेल तर निदान भिंतीवरच्या वरच्या फळीवर ठेवा.

दोन यूएसबी डिस्क घ्या, अ आणि ब. दर शनिवारी सर्व्हरवरून एकीवर ताजी प्रत काढा आणि ती घेऊन जा. दुसरी परत आणा. एक नेहमी ऑफिसबाहेर, आणि दुसरी फक्त प्रत काढतानाच जोडलेली. डिस्क राजारामपुरीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भागीदाराकडे असली तर उत्तम. पाणी येणाऱ्या भागातून पाणी येणाऱ्याच भागात नेऊन उपयोग नाही. पावसाळ्यात डिस्क झिपलॉक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

पावसाळ्यासाठी एक नियम कागदावर लिहून भिंतीला लावा: पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की शनिवारची वाट न बघता प्रत काढून डिस्क बाहेर न्यायची. ४३ फुटांची धोका पातळी गाठली की सर्व्हर रीतसर बंद करून डिस्कसकट हलवायचा. त्यानंतर रस्ते आणि वीज यांचा भरवसा धरता येत नाही, महामार्गही याआधी शिरोलीजवळ बंद पडला आहे.

क्लाउडवर तिसरी प्रत ठेवणार असाल तर अपलोडचा वेग बघा. २० एमबीपीएस अपलोडवर सेकंदाला अडीच एमबी जातात. रोजच्या ३ जीबीला वीस मिनिटं, पण पहिल्या २०० जीबीला बावीस तास. पहिली फेरी सुट्टीला लावा. त्याआधी डेटा कुलूपबंद करून पाठवायची सोय चालू करा.

सर्व्हरला यूपीएस हवाच. यूएसबी केबलने सर्व्हरला "वीज गेली" हे सांगणारा घ्या, म्हणजे बॅटरी संपायच्या आत मशीन आपोआप बंद होतं. स्वस्त यूपीएसला ही केबल नसते, दुकानात विचारून घ्या. लिहिता लिहिता वीज गेली तर त्या दिवसाचा संच जातो. डिस्कची यादीच बिघडली तर आणखी बरंच जातं.

परत आणून बघणे

महिन्यातून एकदा, तारीख ठरवून. दरवेळी वेगळ्या मशीनच्या, वेगळ्या तारखेच्या काही फायली वेगळ्याच फोल्डरमध्ये परत आणा. मूळ जागेवर कधीही नाही, चालू डेटावर जुना चढवून बसाल. टॅलीची कंपनी परत आणलेल्या फोल्डरमधून उघडा आणि त्या तारखेची ट्रायल बॅलन्स कागदावर काढून ठेवलेल्याशी ताडून बघा. ड्रॉइंगमध्ये असेंब्ली उघडा, एकटा पार्ट उघडून समाधान मानू नका. असेंब्लीला लागणारा एखादा पार्ट यादीतून सुटलेला असेल तर तो इथेच कळतो.

वर्षातून एकदा पूर्ण मशीन नव्या डिस्कवर उभं करून बघा. त्यासाठी टॅलीच्या मशीनचा इमेज बॅकअप (विंडोजसकट अख्ख्या डिस्कची प्रत) घेतलेला हवा, आणि इमेजमधून सुरू करायची बूट होणारी पेन ड्राइव्ह आधीच तयार हवी. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. मालकाने "कधी सुरू होईल" असं विचारल्यावर सांगायला खरा आकडा तोच.

प्रती कुलूपबंद करत असाल तर तो पासवर्ड सर्व्हरवरच्या नोटपॅडमध्ये ठेवू नका. सर्व्हर गेला की तोही गेला. कागदावर लिहून दोन पाकिटं करा. एक मालकाच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी दोन्ही पाकिटं बदला, आणि पाकिटावर तारीख घाला.